विंगेत शिकलेलं नाटक

नववीत असताना शाळेच्या बालनाट्यात मी बाईंकडे भूमिका मागितली नाही, बॅकस्टेज मागितलं. बाई समजूत घालायला लागल्या, "अगं, पुढच्या वर्षी देऊ तुला चांगलं काम." आमच्याकडे बॅकस्टेज म्हणजे निवड न झालेल्या मुलांची सोय, असाच समज आहे. निदान सांगलीत तरी तो नसायला हवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ इथेच केलं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो, गावाला सगळे नाट्यपंढरी म्हणतात. आणि राज्य बालनाट्य स्पर्धेत अभिनयाबरोबर नेपथ्याला आणि प्रकाशयोजनेलाही बक्षीस असतं. तरी फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली कापडी भिंत, कसा बांधतात हे त्या फ्लॅटपुढे उभं राहून बोलणाऱ्या मुलांना माहीत नसतं.

मला ते सुतारकाकांनी शिकवलं. लाकडी पट्ट्यांची ८ बाय ४ फुटांची चौकट, मध्ये एक आडवी पट्टी, कोपऱ्यांत प्लायचे त्रिकोण. चौकट काटकोनात आहे की नाही हे काका गुण्यानं बघायचे नाहीत, दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे. ते सारखे भरले पाहिजेत, ८ फूट ११ इंचांच्या किंचित पुढे. पायथागोरस मला खऱ्या अर्थानं तिथे कळला. मग मांजरपाट ताणून ठोकायचा आणि त्यावर पातळ खळीचा हात द्यायचा. खळ वाळताना कापड आवळतं आणि डफासारखं ताठ होतं. रंग त्यानंतर. उभ्या फ्लॅटला मागून तिरका टेकू आणि टेकूच्या पायावर वाळूचं पोतं. या पोत्याचा आग्रह काकांनी कधीच सोडला नाही. पुढे लहान मुलं धावत असतात, त्यांच्या अंगावर काही पडता कामा नये.

पण मी खरी रमले ती दिव्यांत.

आमचे लाइटवाले काका हजार वॉटचे हॅलोजन भाड्यानं द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला दिव्याला हात लावू दिला नाही, गणित घातलं. १००० ला २३० नं भाग. उत्तर ४.३ अँपिअरच्या आसपास. मग १५ अँपिअरच्या एका पॉइंटवर असे किती दिवे चालतील? तीन. चौथा लावला की १७ च्या वर जातं, वायर तापते. दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा आला तेव्हा तो मला आधीच हातानं येत होता. हॅलोजनच्या बल्बच्या काचेला उघड्या बोटांनी शिवायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. बोटांचा तेलकटपणा काचेवर राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब फुटू शकतो.

समोरून सरळ दिवा टाकला की चेहरा सपाट दिसतो. म्हणून दोन्ही बाजूंनी, वरून साधारण ४५ अंशांत दोन दिवे घ्यायचे. एकावर पिवळसर जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, दुसऱ्यावर फिकट निळा. ही पद्धत अमेरिकेत स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी मांडली, हे मी नंतर वाचलं. काकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण त्यांचे दिवे तसेच लागायचे. आमच्या नाटकातल्या आजीचं लुगडं हिरवं होतं आणि आगीच्या प्रसंगात लाल प्रकाश हवा होता. काकांनी तालमीतच दाखवलं, लाल प्रकाशात हिरवं कापड काळं दिसतं. आम्ही लुगडं बदललं. कपडेपट आणि प्रकाशयोजना यांची गाठ किती घट्ट असते हे पुस्तक वाचून मला इतकं पटलं नसतं.

आवाजाचं काम सोपं होतं. पावसासाठी ताटात सुके वाटाणे, गडगडाटाला पत्र्याचा तुकडा. आमच्याकडे स्पीकर होता, पण पत्रा समोर हलतो तेव्हा नटसुद्धा खरे दचकतात, म्हणून मी पत्र्याच्याच बाजूनं होते.

शेवटचे आठवडे क्यू-शीटचे, म्हणजे कुठल्या वाक्याला काय करायचं याच्या इशाऱ्यांच्या यादीचे. वहीत चार रकाने: वाक्य, दिवा, आवाज, कोण कुठून येतं. डावं-उजवं नेहमी नटाचं, प्रेक्षकांचं नाही. क्यू वाक्य संपल्यावर द्यायचा नसतो. नट वाक्य संपवायला श्वास घेतो तेव्हा हात डिमरवर, दिव्याचा उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर, गेलेला हवा. त्यासाठी संहिता पाठ असून भागत नाही, त्या मुलाची बोलायची लय पाठ लागते. माझी तर सगळ्यांची झाली होती. ब्लॅकआउटमध्ये सामान हलवायचं असेल तर आधी थोडा वेळ एक डोळा मिटून ठेवायचा, म्हणजे अंधार झाल्यावर तो डोळा लवकर सरावतो. आम्ही सगळे विंगेत एक डोळा मिटून उभे असायचो.

स्पर्धेत सेट लावायला वेळ मोजून मिळतो. म्हणून प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर खडूनं क्रमांक लिहिले होते आणि टेम्पोत तो उलट्या क्रमानं भरला होता, आधी लागणारा सर्वांत शेवटी. शाळेच्या मैदानावर घड्याळ लावून सराव केला होता. प्रयोगाच्या दिवशी त्यामुळे कुणाला ओरडावं लागलं नाही. आगीचा प्रसंग आला, दोन्ही डिमर हळूहळू चढवले आणि मागच्या रांगेतून मुलांचा "ओह्" ऐकू आला. तो आवाज मिळवायला आम्ही सगळे झटलो होतो.

आता अकरावीत आहे. एकांकिकेसाठी छोटा फिरता रंगमंच करायचा विचार चालला आहे. १९६२ च्या ‘तो मी नव्हेच’मध्ये तो होता, तेव्हापासूनच्या गोष्टी घरात आजोबांकडून ऐकल्या आहेत. आमचा फक्त ६ फूट व्यासाचा असेल. अखंड चकती टेम्पोत मावणार नाही, म्हणून दोन अर्धवर्तुळं करून ती बोल्टनं जोडायची. चाकं किती आणि कुठे लावायची, यावर सुतारकाकांशी अजून वाद चालू आहे.