पाणी पोचलं म्हणजे कुठवर पोचलं?

"टँकर पाठवायचे, संडास उभारायचे, साबण वाटायचा. ही कामं करणाऱ्या संस्था आहेतच, मग वर आणखी एक समन्वयक कशाला?" विस्थापितांच्या छावण्यांमध्ये पाणी आणि स्वच्छतेचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याची तळमळ खरी असते. पैसा माणसांवर खर्च व्हावा, बैठकांवर नको, एवढंच त्याचं म्हणणं. तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ हिशेबच मांडतो.

समजा, छावणीत १२,००० माणसं आहेत. मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी स्फिअर मानकं माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं सगळं त्यातच. एकूण झालं १,८०,००० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या रोज १८ खेपा. भरायला अर्धा तास, जायला पाऊण, रिकामा व्हायला अर्धा, परतायला पाऊण, अशी एक खेप अडीच तासांची. दहा तासांच्या दिवसात एका टँकरच्या चार खेपा होतात. तेव्हा पाच टँकर, आणि एखादा बंद पडेल म्हणून सहावा. कागदावर पाणी पोचलं.

आता जिथे ते उतरतं तिथे बघा. अशी आठ नळकोंडाळी आहेत, प्रत्येकाला सहा नळ. एका नळातून मिनिटाला साडेसात लिटर धरलं तर एका कोंडाळ्यातून मिनिटाला ४५ लिटर पाणी जातं. शेजारी दहा हजार लिटरची एकच टाकी असेल आणि टँकर आला तेव्हा ती निम्मी भरलेली असेल, तर टँकरमधलं निम्मं पाणी उतरेल आणि उरलेल्यासाठी ड्रायव्हर जवळपास दोन तास थांबून राहील. अडीच तासांची खेप सव्वाचार तासांवर जाते, चार खेपांच्या दोन होतात. मग पाणी कमी पडतंय म्हणून आणखी टँकर मागवले जातात आणि ते त्याच टाकीपुढे रांगेत उभे राहतात. इथे टँकर कमी नाहीत, साठवण कमी आहे. पण टँकरचा पैसा एका संस्थेचा, टाक्या दुसरीच्या, नळ तिसरीने बसवलेले. प्रत्येकीचा अहवाल आपापल्या जागी बरोबर असतो. अडचण दोघींच्या मधल्या सांध्यात असते, आणि तो सांधा कोणाच्याच करारात नसतो.

असे सांधे सगळीकडे आहेत. टाकी जमिनीलगत ठेवली, ओट्यावर चढवली नाही, की दाब कमी पडतो आणि नळातून साडेसातऐवजी पाचच लिटर येतं. एका कोंडाळ्यावर दीड हजार माणसं असतात, त्यांचं २२,५०० लिटर पाणी आठ तास वीस मिनिटांत भरून व्हायला हवं. पाच लिटरच्या धारेला साडेबारा तास लागतात. हे चार तास बायका आणि मुली अंधारात रांगेत काढतात. तपासायला यंत्र लागत नाही. दहा लिटरची बादली ८० सेकंदांत भरली पाहिजे. दोन मिनिटं लागली तर ओटा वाढवा किंवा नळ वाढवा.

क्लोरीनच्या बाबतीत सांध्यातली चूक थेट जिवावर बेतते. पद्धत सोपी आहे. आधी एक टक्क्याचं द्रावण करायचं: सुमारे ७० टक्के क्लोरीन असलेली एचटीएच पावडर असेल तर एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम. चार बादल्यांमध्ये वीस-वीस लिटर पाणी घ्यायचं, बादल्या प्लास्टिकच्या, धातूच्या नकोत. त्यांत अनुक्रमे १, १.५, २ आणि २.५ मिली द्रावण टाकायचं, ढवळून अर्धा तास थांबायचं. मग डीपीडीची (शिल्लक क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) गोळी टाकून रंग पट्टीशी जुळवायचा. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन ज्या बादलीत शिल्लक दिसेल तो आपला डोस. समजा २ मिलीची बादली जमली. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे अशा ५०० बादल्या, म्हणून टँकरला एक लिटर द्रावण.

आता साठा संपतो आणि दुसरी संस्था ब्लीचिंग पावडर देते. तिच्यात क्लोरीन साधारण ३३ टक्के, झाकण उघडं राहिलेल्या ड्रममध्ये त्याहून कमी. लिटरला १५ ग्रॅमऐवजी ३३ ग्रॅम घालायला हवी, पण टँकर भरणाऱ्याच्या हातात तोच चमचा असतो. डोस अर्धा झाला म्हणजे शिल्लक क्लोरीन अर्धा राहील, असं वाटतं. तसं होत नाही. वरच्या उदाहरणात वीस लिटरला २ मिली द्रावण म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन टाकला तेव्हा अर्धा मिलिग्रॅम पाण्यातल्या घाणीनेच खाल्ला होता. आता टाकलेला सगळा अर्धा मिलिग्रॅम ती खाते आणि नळाला शून्य येतं. उलटंही घडतं. भरण्याच्या जागी एकाने क्लोरीन घातला, छावणीतल्या टाकीत दुसऱ्याने पुन्हा घातला, पाण्याला उग्र वास आला आणि लोक ओढ्याचं पाणी प्यायला लागले. त्यात त्यांचा दोष नाही, इतकं वास मारणारं पाणी लेकराला कोण पाजेल? पाऊस पडून पाणी गढूळलं तर जुना डोस चालत नाही. आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग चार बादल्यांची चाचणी पुन्हा करायची.

संडासांचा आकडा सगळ्यांत फसवा. सुरुवातीला ५० माणसांमागे एक, पुढे २० मागे एक, म्हणजे आपल्या छावणीत आधी २४० आणि मग ६००. तक्त्यात "६०० पूर्ण" दिसतं, पण त्यातले किती भरले, कितींची कडी निघाली, कुठे दिवा नाही म्हणून बायका रात्री जात नाहीत, हे त्या रकान्यात येत नाही. बांधणाऱ्या संस्थेचं काम बांधून संपतं. खड्डा भरल्यावर उपसायचा कोणी, उपसलेला मैला टाकायचा कुठे, हे बांधायच्या आधीच ठरलं पाहिजे. कुठली पद्धत चालेल हेही जमीन ठरवते. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून लाखो माणसं शेजारच्या झाईरमधल्या (आताच्या काँगोतल्या) गोमाला आली. तिथला ज्वालामुखीचा खडक खणता येत नव्हता आणि पाणी मुख्यतः किवू सरोवराचं. पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि जुलाबाने. खडकावर किंवा भूजल वरच लागणाऱ्या जमिनीवर उंचावलेले संडास आणि रोजचा उपसा हीच वाट असते. खड्ड्याचा तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर आणि खड्डा विहिरीपासून ३० मीटर लांब हवा, मग पाणी आणि संडास या दोघांचे नकाशे वेगवेगळ्या संस्थांकडे असून कसं चालेल?

म्हणूनच आंतरराष्ट्रीय मदतकार्यातल्या २००५ च्या सुधारणांनंतर या क्षेत्राच्या समन्वयाची जागतिक जबाबदारी युनिसेफकडे दिली गेली. निर्वासितांच्या बाबतीत ती यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, बघते. रोजचं मुख्य हत्यार मात्र एक साधा तक्ता: कोण, काय, कुठे, कधी, कोणासाठी. तो छावणीच्या एकूण आकड्यावर भरला तर निरुपयोगी. वस्तीगणिक भरावा, "ठरलेलं", "झालेलं" आणि "आज चालू असलेलं" यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आणि प्रत्येक नळकोंडाळ्यापुढे संस्थेचं नव्हे, माणसाचं नाव असावं. बैठक पाऊण तासाच्या वर नेऊ नये. ज्या ओळीपुढे नाव नाही तेवढ्याच ओळींवर बोलावं.

आणि रोज सकाळी कोणीतरी डीपीडीच्या गोळ्या घेऊन नळाकडे नाही, तंबूत जावं. परवानगी मागून घरातल्या कॅनमधलं पाणी तपासावं. नळाला ०.५ आणि कॅनमध्ये शून्य असेल, तर कॅनच्या आत हात फिरवून बघावा. बुळबुळीत लागला तर कॅन धुतलेला नाही. रुंद तोंडाची बादली असेल तर पेला बुडवताना हातही बुडतोय. घरात एकच भांडं असेल तर आणायचं आणि साठवायचं पाणी त्यातच. घरटी दोन भांडी हवीत, एक आणायला, एक झाकण लावून साठवायला. ती कोणी वाटायची होती, ते तक्त्यात बघावं.