तुम्ही विचारलंत म्हणून: ‘काही सापडलं नाही’ म्हणजे नेमकं काय?

‘जनुकीय तपासणीच्या रिपोर्टमध्ये काही सापडलं नाही, म्हणजे बाळाचा डोळ्यांचा आजार आनुवंशिक नाही ना?’ आणि त्याच्याच पाठोपाठ, ‘एवढी तपासणी करूनही सापडत कसं नाही?’ दुसऱ्या प्रश्नात थोडा आरोप असतो. तो अगदीच चुकीचा नाही.

पहिल्याचं उत्तर: नाही, तसा अर्थ होत नाही. जन्मापासून डोळे भिरभिरतात, बाळ सतत डोळ्यांत बोटं घालतं, ईआरजीची (डोळ्याचा पडदा प्रकाशाला विजेचा प्रतिसाद देतो का, ते पाहणाऱ्या चाचणीची) रेघ जवळपास सपाट आहे. मग कोऱ्या रिपोर्टने निदान पुसलं जात नाही. जिथे वाचलं तिथे ओळखण्याजोगा बदल दिसला नाही, एवढंच तो सांगतो. कुठे वाचलं हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते पान कुणी उलटत नाही, डॉक्टरसुद्धा.

एक्सोम तपासणी जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, जेमतेम दीड टक्का भाग वाचते: एक्सॉन (जनुकातले प्रथिनाची कृती सांगणारे तुकडे) आणि त्यांच्या काठाची डीएनएची दहा-वीस अक्षरं. दोष असलाच तर तिथेच असणार, असं मीही एके काळी ठासून सांगायचो. आता तेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की चिडतो.

कारण सीईपी२९० हे जनुक. लेबर्स कंजेनायटल अमॉरोसिस, म्हणजे जन्मतःच दृष्टी अत्यंत क्षीण असण्याचा आजार. एका कुटुंबात धागा या जनुकापर्यंत आला होता. एक्सॉन वाचले, सगळे स्वच्छ. इथेच थांबले असते तर ‘काही सापडलं नाही’ असाच शेरा पडला असता. पण संशोधकांनी रुग्णांच्या पेशींतला आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी पेशी काढते ती जनुकाची नक्कल) पाहिला, तर त्यात १२८ अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला. उगम होता २६व्या इंट्रॉनमध्ये (दोन एक्सॉनच्या मधल्या, एरवी कापून टाकल्या जाणाऱ्या भागात), एक्सॉनच्या काठापासून १६५५ अक्षरं आत: ‘ए’च्या जागी ‘जी’. या एका अक्षरामुळे पेशीला तिथे नसलेला जोड दिसतो, ती भलताच तुकडा शिवून टाकते आणि प्रथिन अर्ध्यावर तुटतं. थोडा आरएनए मात्र नीट शिवला जातो; म्हणूनच बहुधा मूत्रपिंड, मेंदू निभावून नेतात आणि डोळ्याचा पडदा हरतो. २००६ साली हे छापून आलं तेव्हा ७६ असंबंधित रुग्णांपैकी १६ जणांत हाच बदल निघाला. आज चांगल्या प्रयोगशाळा ती जागा मुद्दाम वाचतात. पण ती एक जागा. तशा इतर कित्येक जागा अजून कुणाच्या यादीत नाहीत. आणि सापडलं म्हणजे सुटलं, असंही नाही: नेमक्या याच बदलावर बेतलेल्या औषधाच्या मोठ्या चाचणीने २०२२ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही.

मुलाला रातांधळेपणाने सुरुवात झाली असेल आणि आईकडच्या पुरुषांनाच त्रास असेल, तर आरपीजीआर जनुकाचा ओआरएफ१५ हा भाग नीट वाचलाय का, ते विचारा. तिथे ए आणि जी यांचीच इतकी पुनरावृत्ती आहे की यंत्राने वाचलेले दीडशे अक्षरांचे तुकडे नेमके कुठे बसवायचे, यात संगणक गोंधळतो. रिपोर्टमध्ये जनुकाचं नाव असतं, हा भाग मात्र निसटलेला असतो.

आई-वडिलांचं रक्तही मागतो तेव्हा ‘आम्हाला तर नीट दिसतं’ म्हणून नाराजी होते. जांभळ्या झाकणाच्या नळीत प्रत्येकी दोन-तीन मिली, बस. प्रत्येकाकडे अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. समजा आरपीई६५ या डोळ्याच्या जनुकात दोन बदल दिसले, पण दोन्ही एकाच पालकाकडून एकाच प्रतीवर आले असतील, तर दुसरी प्रत शाबूत आहे. मग आजाराचं कारण ते नव्हे, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, या जनुकासाठीचं जनुकोपचाराचं इंजेक्शनही त्या बाळासाठी नाही. त्यासाठी दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्याचा पुरावा आणि पडद्यात पुरेशा जिवंत पेशी, दोन्ही लागतात.

‘मग अख्खा जीनोमच वाचा ना!’ वाचतो. प्रत्येक माणसात संदर्भ-क्रमापेक्षा (तुलनेसाठी ठरवलेल्या नमुना जीनोमपेक्षा) चाळीस-पन्नास लाख फरक निघतात. त्यातला दोषी कोण, हे ठरवायला आरएनए हवा, आणि पडद्याचं जनुक रक्तात चालूच नसेल तर रक्ताचा आरएनए मुका. पडद्याचा तुकडा काढून तपासा, असं कुणी म्हणणार नाही.

म्हणून पीडीएफवर समाधान मानू नका. मूळ डेटाची फाइल मागून घ्या, सोबत कोणते भाग वाचले त्याची यादी, आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला द्या. नवं रक्त काढावं लागत नाही.