नळी टाकण्याआधीचा रक्तदाब

अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी टाकली की पुढच्या काही मिनिटांत त्याचा रक्तदाब कोसळण्याची भीती असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इनट्यूब’ या अभ्यासात २९ देशांतील २,९६४ रुग्णांची नोंद होती; त्यांपैकी ४२.६ टक्के रुग्णांचे रक्ताभिसरण नळी टाकताना किंवा त्यानंतर लगेच अस्थिर झाले आणि ३.१ टक्के रुग्णांचे हृदय थांबले. इतक्या वेळा घडणारी गोष्ट आकस्मिक मानणे मला पटत नाही.

स्क्रब टायफसने (चिगर किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाने) धाप लागलेला एखादा रुग्ण गोंदिया किंवा गडचिरोलीहून नागपूरला पोहोचतो तेव्हा त्याचा वरचा रक्तदाब अनेकदा ११० असतो आणि तो पाहून सगळ्यांना हायसे वाटते. परंतु नाडी १२० असेल, तर तो ११० चा आकडा शरीराने सारी ताकद पणाला लावून टिकवलेला असतो. भुलीच्या औषधाने ती धडपड एका क्षणात थांबते, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि त्याच वेळी व्हेंटिलेटरच्या दाबामुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते.

नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले की ‘शॉक इंडेक्स’ मिळतो. वरच्या रुग्णाचा तो जवळजवळ १.१ येतो. ०.८ च्या पुढे गेलेल्या आकड्याकडे मी धोक्याची सूचना म्हणून पाहते. मात्र नाडी मंद ठेवणारे मेटोप्रोलॉल घेणाऱ्या वृद्धाची नाडी वाढतच नाही, त्यामुळे त्याचा इंडेक्स निर्धास्त करणारा दिसला तरी त्यावर विसंबू नये. वय, सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बिघडणे), रक्तातील आम्लता आणि आधीपासून चालू असलेली रक्तदाबाची औषधे यांचा विचार वेगळा करावाच लागतो. गुणांकाच्या तयार पद्धतीही आहेत, पण रात्री दोन वाजता हाताशी असतो तो साधा भागाकारच.

अंदाज बांधायचा तो तयारी बदलण्यासाठी. रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनॅलिन आधीच जोडून ठेवावे, गरज दिसल्यास आधीच सुरूही करावे. भुलीच्या औषधांपैकी प्रोपोफॉल शक्यतो टाळावे. केटामाइनची मात्राही बेताची ठेवावी, कारण थकलेल्या शरीरात तेही रक्तदाब पाडू शकते. सरसकट सलाईन देण्याने मात्र लाभ होत नाही, हे २०२२ च्या ‘प्रिपेअर २’ चाचणीत दिसले: ५०० मिलिलिटर द्रव दिलेल्या गटात २१ टक्के, न दिलेल्या गटात १८.२ टक्के रुग्णांचे रक्ताभिसरण कोलमडले. अर्थात, मे महिन्यात उष्माघाताने कोरडा पडून आलेला रुग्ण या निष्कर्षात बसत नाही. त्याला द्रव लागतोच.

आणखी एक काम याच अंदाजावर अवलंबून असते. ‘नळी टाकली आणि पेशंट गेला’ असे नातेवाईक नंतर म्हणतात, ते बहुधा आधी कोणी समजावून सांगितलेले नसते म्हणून. इंडेक्स जास्त असेल तर सहीचा कागद पुढे करण्यापूर्वी रुग्णाच्या मुलाला किंवा पत्नीला मी स्पष्ट सांगते की नळीशिवाय श्वास टिकणार नाही, नळी टाकताना रक्तदाब पडू शकतो, आणि तो सावरण्याचे औषध आम्ही आधीच लावले आहे.