मजनूची सांडणी

१७ डिसेंबर, रात्री साडेअकरा

आज फारसी सूफी कवी रूमीची पुण्यतिथी. १२७३ साली याच तारखेला तो तुर्कस्तानातल्या कोन्यात वारला. तिथे या रात्रीला शब-ए-अरुस म्हणतात, लग्नाची रात्र. माझी रात्र मात्र बेसनाच्या लाडवावर गेली. साखरेचा रिपोर्ट आल्यावर 'गोड बंद' असं घरात सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, आणि दहाव्या दिवशी चोरासारखा डबा उघडला.

मग मसनवीच्या, म्हणजे रूमीच्या दीर्घकाव्याच्या, चौथ्या खंडातली ती गोष्ट काढून बसले. मजनू सांडणीवर, म्हणजे उंटिणीवर, बसून लैलाच्या गावाला निघालाय. सांडणीचं पिल्लू मागे राहिलंय. मजनू भानावर असेतो तिचं तोंड लैलाकडे. तो जरा हरवला, लगाम सैल पडला, की तिला ते बरोबर कळतं आणि ती मुकाट्याने मागे वळते. वाट तीन दिवसांची, पण या जाण्या-येण्यात वर्षं गेली. शेवटी मजनू स्वतःला खाली झोकून देतो. पाय मोडतो. तर म्हणतो, आता चेंडूसारखा गडगडत जाईन.

स्वार म्हणजे रूह, आत्मा; सांडणी म्हणजे देह आणि त्याची ओढ, नफ्स. माणूस मातीचा, आणि त्या मातीत ईश्वराने फुंकलेला श्वास, हे कुराणातलंच. इब्लिसने, म्हणजे सैतानाने, पहिल्या माणसापुढे, आदमपुढे, झुकायला नकार दिला, कारण त्याला नुसती माती दिसली. सूफी या चुकीकडे पुन्हा पुन्हा परत येतात. आरशात बघून मीही अनेकदा तेवढंच बघते.

नफ्सचेही प्रकार आहेत. वाईटाकडे ढकलणारी ती अम्मारा, स्वतःलाच बोल लावणारी ती लव्वामा, निवांत झालेली ती मुतमइन्ना. लाडू पहिलीने खाल्ला, ही वही दुसरी लिहितेय. तिसरीची अजून गाठ पडायची आहे.

आपल्या श्रीगोंद्याच्या संतकवी शेख महंमदांनी तर ग्रंथाचं नावच 'योगसंग्राम' ठेवलं. आतली लढाई. पण मला या गोष्टीत शत्रू सापडत नाही. सांडणी आई आहे. पिल्लाकडे नाही वळणार तर कुठे वळणार? मजनूही तिला दुष्ट म्हणत नाही. आपण दोघेही प्रेमात आहोत, वाटा तेवढ्या उलट्या, म्हणून सोबत जमायची नाही, असं म्हणून तो उतरतो. हे वाक्य मी आज तीनदा वाचलं. पाय मोडून घेण्याचं मात्र अजून पटत नाही.

डबा वरच्या फळीवर ठेवलाय. स्टूल तिथेच आहे.