फासा टाकून रंग भरता, मग त्यात तुमचं काय?

परभणीत माझी चित्रं कुणी पाहिली की हा प्रश्न ठरलेलाच. शेजारचे मामा तर म्हणाले, "मंग बक्षीस फाशालाच द्या की!" आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बारा ओळी, बारा रकाने, म्हणजे 144 चौकोन. सहा रंग आणि लुडोचा फासा. एक पडला की हळदी, दोन पडले की जांभळा, असं ठरवून टाकायचं. फासा पलंगाखाली गेला तर वाकून तिथला आकडा बघायचा, पण पुन्हा टाकायचा नाही. रंग कोणते, किती गडद, चौकोन केवढा, हे मात्र फासा सांगत नाही. त्यातच आठ-आठ दिवस जातात.

ही युक्ती माझी नाही. फ्रान्सच्या फ्रांस्वा मोरेलेनं 1960 मध्ये टेलिफोन डिरेक्टरीतले आकडे घेतले आणि सम-विषम बघून दोन रंगांत 40,000 चौकोन भरले. त्याच्यापुढं माझे 144 म्हणजे पोरखेळ.

खरा त्रास भरताना होतो. हळदी येतो, शेजारी पुन्हा हळदी, खालीही हळदीच. हात शिवशिवतो. नशिबानं पडलेलं सगळीकडं सारखं विखुरणार, असं आपण धरून चालतो. पण या चौकटीत शेजारशेजारच्या जोड्या होतात 264. सहा रंगांच्या हिशेबानं त्यातल्या साधारण 44 एकाच रंगाच्या निघतात. घोळके होणारच.

माझी माय वाकळ शिवायची तेव्हा याच्या उलट चालायचं. कोणतं लुगडं कधी विरेल हे काही तिच्या हातात नव्हतं. पण लालाला लाल लागला की टाके उसवून तुकडा दुसरीकडं लावायची. बघणाऱ्याला वाकळ हाती येईल तशी जोडल्यासारखी वाटायची, आणि माझ्या चित्रातले घोळके बघून लोक विचारतात, "हे शेत आहे का?"

एकदा मीही मायसारखं केलं. नवव्या ओळीतला एक हळदी चौकोन जांभळा करून टाकला. ते चित्र विकलं नाही, दाराशेजारी टेकवून ठेवलंय. कोणता चौकोन बदललाय ते आजवर एकाही पाहुण्याला ओळखता आलेलं नाही. मला मात्र उंबऱ्यातूनच तो खुपतो. मामांना एकदा सांगायला हवं, एवढा एक माझा.