मोटारीच्या वाइंडिंगपासून बेसच्या पिकअपपर्यंत : आमची वाटचाल

दुकानाच्या पाटीवर आजही ‘सर्व प्रकारच्या मोटारी रिवाइंडिंग करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं आहे. बेस गिटार पाठीला लावून आलेला पोरगा आधी पाटी वाचतो, मग दारात आडव्या पडलेल्या सबमर्सिबल मोटारी बघतो आणि पत्ता चुकला असं समजून फोन लावतो. फोन समोरच माझ्या खिशात वाजतो. पाटी बदलायचं दर दिवाळीला ठरतं. आप्पा म्हणतात, “पोट कशावर भरतंय ते पाटीवर असावं.” त्यांचं चुकत नाही. अजूनही निम्म्याहून जास्त पैसा पंपांचाच येतो.

सांगली-मिरज रस्त्यावरचं हे दुकान आप्पांनी काढलं ते कृष्णाकाठच्या शेतीपंपांच्या भरवशावर. उन्हाळ्यात मोटारी जळतात, तेव्हा जेवायला सवड नसते. पाऊस लागला की माश्या मारत बसायचं. नेमके त्याच दिवसांत, गणपतीच्या तोंडावर, बेंजो पार्टीवाले यायचे. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग, त्याला कॉइल बसवून मिरवणुकीत स्पीकरवर वाजवायचा. वर्षभर ट्रॉलीत आपटून कॉइलची तार कुठंतरी तुटलेली असायची. मीटर लावला की ओपन. आप्पांनी पहिलीच कॉइल हातात घेऊन सांगितलं होतं, “कॉइल ती कॉइल. मोटारीची काय नि बाजाची काय.” गिटारच्या तारांखाली बसून त्यांची थरथर विजेत उतरवणारी चुंबकाची कॉइल म्हणजे पिकअप. आमचा हा पिकअपचा धंदा त्या एका वाक्यावर उभा राहिला आणि त्याच वाक्यानं मला पुढं दोनदा फसवलंही.

पहिल्यांदा फसलो ते तारेच्या नंबरात. मिरजेतल्या एका ऑर्केस्ट्राचा बेसवाला बंद पडलेलं पिकअप घेऊन आला. मी रात्रभर वाचून काढलं: ४२ गेजची तार, प्रत्येक कॉइलला दहा हजारांच्या आसपास वेढे. सकाळी बाजारातून ४२ नंबरची तार आणली. चार हजार वेढ्यांतच बॉबिन गच्च भरलं. तसंच बसवून दिलं, तर आवाज मरतुकडा. आठवडा गेला तेव्हा कळलं की परदेशी लोक लिहितात ते अमेरिकन गेज. आपल्या बाजारात तार मिळते ती इंग्लिश गेजवर, आणि तिथं ४२ नंबर म्हणजे ०.१ मिलिमीटर. हवी होती ०.०६३ची, म्हणजे आपली जवळजवळ ४६ नंबर. केसासारखी तार. मोटारवाल्याच्या घरात जन्मून गेजला फसलो, हे आप्पा पाहुण्यांना अजून सांगतात.

दुसऱ्यांदा फसलो व्हार्निशला. मोटार भरली, म्हणजे नवी तार गुंडाळून झाली, की व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायची ही हाताला लागलेली सवय. पिकअपचं प्लॅस्टिक बॉबिन भट्टीतून केळ्यासारखं वाकून बाहेर आलं. तेव्हापासून साठ-पासष्ट अंशांवर वितळवलेलं मेण वापरतो. वेढे हलायचे थांबतात आणि मोठ्या आवाजात पिकअप किंचाळत नाही.

एकाचं काम बरं झालं की चार जण येतात. मिरज हे तर वाद्यांचंच गाव, तिथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या एका कारागिरांनी तानपुऱ्यालाही पिकअप करता येईल का म्हणून विचारलं. हौसेनं केलं. जोडीच्या पोलादी तारा छान वाजल्या, खर्ज मुका. खर्जाची तार पितळेची, आणि चुंबकाला पितळाशी काही देणंघेणं नसतं! कारागीर हसले आणि चहा पाजून पाठवलं. बेसच्या तारेचा गाभा पोलादाचा असतो म्हणून आमचं चालतं.

पण दुरुस्ती वेगळी आणि ‘कुठलं पिकअप घेऊ?’ याला उत्तर देणं वेगळं. सुरुवातीला आम्ही गिऱ्हाईक मागेल ते देत होतो. मागणी बहुतेक फोटो बघून केलेली असायची.

तीन घराणी सगळ्यांना माहीत असतात. लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस आणला तेव्हा त्यात साधी एकच कॉइल होती. १९५७मध्ये तिचे दोन तुकडे झाले: ई-ए या जाड तारांखाली एक, डी-जी या बारीक तारांखाली दुसरा, थोडे पुढं-मागं सरकवलेले. दोन्ही तुकड्यांचं वाइंडिंग आणि चुंबक एकमेकांच्या उलट, म्हणून विजेची गुणगुण आपसात कटते. तरी प्रत्येक तारेला ऐकणारी कॉइल एकच, त्यामुळं आवाज सिंगल कॉइलसारखाच टणक राहतो. माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात हुशारीचं काम हेच. १९६०मध्ये जॅझ बेस आला: दोन सिंगल कॉइल, एक मानेकडं आणि एक ब्रिजकडं, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात त्या बाजूला. १९७६मध्ये म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला. त्यात एकच मोठं हमबकर, म्हणजे गुणगुण कटावी म्हणून दोन कॉइल जोडलेलं पिकअप, आणि पोटात बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे आवाज आधीच वाढवणारं छोटं सर्किट.

गिऱ्हाईक विचारतं ते ‘पी’ (प्रिसिजन) चांगलं की ‘जे’ (जॅझ) चांगलं. मी आधी विचारतो, ते बसणार कुठं? तार जिथं छेडाल तसा आवाज बदलतो हे सतारवाल्याला शिकवावं लागत नाही. पिकअपचंही तसंच, फक्त इथं प्रश्न तार कुठं ऐकली याचा आहे. ब्रिजजवळ तार जेमतेम हलते, म्हणून तिथं मूळ स्वर कमी आणि वरचे सहस्वर, म्हणजे त्याच्याबरोबर उमटणारे बारीक सूर, जास्त मिळतात. मानेकडं सरकलं की पोट भरतं, पण धार जाते. तारेच्या लांबीच्या सहाव्या हिश्श्यावर पिकअप असलं तर मोकळ्या तारेचा सहावा सहस्वर त्याला ऐकूच येत नाही, कारण त्या सहस्वरात तार तिथं हलतच नाही. ३४ इंची बेसवर ही जागा ब्रिजपासून साडेपाच इंचांच्या जरा पुढं येते. सत्तरच्या दशकात जॅझ बेसचं मागचं पिकअप ब्रिजकडं सेंटीमीटरभरच सरकवलं, तरी लोक आजही साठचा आवाज आणि सत्तरचा आवाज असा भेद करतात. वेढे, चुंबक अल्निको की सिरॅमिक, हे सगळं जागेच्या मागून येतं. हे मी सांगायला लागलो की अर्धं गिऱ्हाईक कंटाळतं. त्याला अल्निकोबद्दल बोलायचं असतं.

दुसरा प्रश्न, वाजवणार कुठं? हा मी अनुभवानं शिकलो. जॅझची जोडी दोन्ही पूर्ण उघडी ठेवली की मधले सूर थोडे खोल जातात. घरी, हेडफोनवर हा आवाज रेशमासारखा लागतो. तोच मांडवात ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डच्या मध्ये गेला की नाहीसा होतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. मांडवातल्या लहान स्पीकरमधून एवढा खालचा सूर नीट बाहेरच पडत नाही. आपला कान वरच्या सहस्वरांवरून तो जुळवून घेतो. म्हणून बेस ऐकू यायला हवा असेल तर मधला भाग लागतो, आणि तो ‘पी’मध्ये भरपूर असतो. ‘आमचा बेस ऐकूच येत नाही’ म्हणून व्हॉल्यूम वाढवणाऱ्यांना मी आधी हे सांगतो.

तिसरा प्रश्न विजेचा. यात एकदा आमची लाज गेली. एका गणेश मंडळाच्या कार्यक्रमात आमचं जॅझचं पिकअप बसवलेला बेस होता. वादकानं मागचं एकटंच पिकअप चालू ठेवलं. शेजारी लाइटचे डिमर, मागं जनरेटर. गाणी थांबली की भुंगा सुरू. दुसऱ्या दिवशी तो दुकानात उभा : “मालक, कॉइल भरलीय का भुंगा भरलाय?”

आपल्या विजेचे ठोके सेकंदाला ५०. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या तिसऱ्या पट्टीला, जी हा सूर लागतो तो ४९ हर्ट्झचा. गुणगुणीतला कानाला जास्त बोचणारा भाग त्याच्या दुप्पट, १००चा, आणि मोकळी जी तार ९८ची. म्हणजे सिंगल कॉइलचं पिकअप स्वतःच एक किंचित चढा जी लावून बसतं. गाणं जीमध्ये असलं तर मागं चढलेला तानपुरा ठेवल्यासारखं वाटतं. आतून तांब्याची पट्टी चिकटवली की डिमरची चरचर कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय गुणगुणीला ती पट्टी अडवत नाही. तिथं उलट वाइंडिंगची दुसरी कॉइलच लागते. (अर्थिंग नसलेल्या स्टेजवर एका हातात तारा आणि ओठाला माइक, हा प्रकार वेगळा आणि जिवावरचा. त्यावर पिकअप हे उत्तर नाही. आम्ही वीजवालेच आहोत, म्हणून हे सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नाही.)

यातून शहाणं व्हायच्या ऐवजी आम्ही उलट्या टोकाला गेलो. सगळ्यांना सगळं देऊ म्हणून एक संच काढला: पुढं पी, मागं जे, बॅटरीचा प्रीअँप, सिरीज-पॅरललचं बटण, ॲक्टिव्ह-पॅसिव्हचं बटण. दिसायला विमानाच्या कॉकपिटसारखा. सहा संच गेले, चार परत आले. एकानं कॉर्ड रात्रभर खोचून ठेवली होती, त्यामुळं ९ व्होल्टची बॅटरी उतरली आणि दुसऱ्या दिवशी लग्नात दुसऱ्याच गाण्याला बेस गप्प. दुसरा म्हणाला, “दादा, अंधारात कुठलं बटण कुठं गेलं कळत नाही. यातलं निम्मं काढा.” निम्मं काढलं. पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर २०१९चा महापूर आला. दोन महिने फक्त चिखलातल्या मोटारी धुवायच्या, वाळवायच्या, भरायच्या. पिकअपचं मशीन पोत्याखाली झाकून ठेवलेलं. मग लॉकडाऊनमध्ये उलटं झालं: कार्यक्रम बंद, ऑर्केस्ट्रावाले घरी, आणि मला वेळच वेळ.

त्या वेळात एकाच गोष्टीमागं लागलो. पुढं पी, मागं जे ही जोडी आपल्याकडं सोयीची, पण मागचं जे सिंगल कॉइल असल्यानं ते उघडलं की गुणगुण परत. मग जेच्याच अरुंद कव्हरमध्ये दोन छोट्या कॉइल ओळीत बसवल्या, ई-एला एक, डी-जीला एक, एकमेकींच्या उलट. ही कल्पना आमची नव्हे, जगात बरेच जण असं करतात. आमचं काय, तर मागच्या पिकअपचे वेढे वाढवत वाढवत पुढच्याच्या बरोबरीला आणणं, कारण ब्रिजजवळ तार कमी हलते. आठ नमुने फुकट गेले. त्यातल्या एकात मी मानेकडच्या जेच्या मापाचं कव्हर मागं वापरलं. तारा ब्रिजकडं पसरत जातात, त्यामुळं मागचं पिकअप दोन-तीन मिलिमीटर लांब लागतं, हे आधी फक्त वाचलेलं होतं.

आता सगळ्यात जास्त हीच जोडी जाते. दोन व्हॉल्यूम, एक टोन, बॅटरी नाही. सगळ्यांना हीच देतो असं नाही. मडगावचा एक जण फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पट्ट्या नसलेला, बेस घेऊन आला होता. त्याला अमेरिकन बेसवादक जाको पास्टोरियससारखं मागच्या पिकअपवर गाणारा आवाज हवा होता आणि तो वाजवणार हॉटेलात, शांत जागी. त्याला सरळ जॅझची जोडी दिली, गुणगुणीसकट. एका कीर्तनकारांच्या साथीला बसणाऱ्या काकांना फक्त पी दिलं. टोनचं बटणही त्यांनी बंद करून घेतलं.

सध्या टेबलावर पाच तारी पी आहे. चार तारांचे दोन-दोन असे सरळ तुकडे होतात, पाचांचे होत नाहीत. बी-ई-ए एकीकडं ठेवले तर ती कॉइल लांब होते, जास्त गुणगुण पकडते आणि छोटीला पूर्ण कटत नाही. वेढे कमी करून बरोबरी साधावी तर ३१ हर्ट्झच्या बी तारेचा जोरच कमी होतो. बी-ई वेगळे काढून बघितले, तर ए तार ब्रिजकडच्या तुकड्यात जाऊन अचानक बारीक वाटते. दोन्ही नमुने भरून ठेवलेत. इचलकरंजीचा एक बेसवाला रविवारी तालमीला दोन्ही लावून बघणार आहे. आप्पांचं मत तीन-दोनकडं आहे. कालपासून मोटारी यायला लागल्यात, दारात सात पडल्यात, त्यामुळं तिसरा नमुना भरायचा झाला तर रात्री नऊनंतरच.