लेझरवाले काका

"हे माणसाचं कामच नाही! दहा हजार वर्षांपूर्वीचं लेझर कटिंग आहे." आज नाशिकच्या पांडवलेण्यात एक काका मोबाइलवर कसलासा व्हिडिओ दाखवत पोरांना सांगत होते.

एका चिमुरडीने भिंतीकडे बोट दाखवलं. "मग हे काय लिहिलंय?"

"ती गूढ लिपी."

अहो काका, ब्राह्मी आहे ती! दहा नंबरचं लेणं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने १९०० वर्षांपूर्वी कोरवलेला लेख. विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव. २०००वर दरमहा शेकडा एक, १०००वर पाऊण. मोठ्या ठेवीच्या व्याजातून भिक्खूंच्या चिवरांची, म्हणजे वस्त्रांची, सोय. चक्क एफडी!

लेझरवाल्यांना पाऊण टक्क्याचा हिशेब कशाला लागला असेल?